राग समूळ काढायचा की मापात ठेवायचा? ग्रीकांची उत्तरं आणि त्यामागचा आत्मा

प्रश्न असा आहे: राग, भीती, दुःख, हाव हे विकार ग्रीक तत्त्वज्ञांच्या मते समूळ काढून टाकायचे की मर्यादेत ठेवायचे? प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ हे तिघंही सद्गुणाला सर्वांत वरचं स्थान देतात, मग विकारांच्या बाबतीत त्यांचं एकमत का होत नाही? आणि हे मुळातून वाचायचं तर कुठून?

आधी थेट उत्तर. भांडण विकारांवरून दिसतं, पण त्याचं मूळ आत्म्याच्या रचनेत आहे. एकमेकांना विरोध करू शकणारे वेगवेगळे भाग आत्म्यात आहेत असं मानलं, तर विकार हा त्यातल्या एखाद्या भागाचा स्वाभाविक व्यापार ठरतो. तो नाहीसा करता येत नाही, करूही नये, त्याला वळण लावायचं. पण प्रौढ माणसाचं मन एकसंध आहे, आरपार विवेकाचंच आहे असं मानलं, तर विकार ही विवेकाचीच चूक ठरते. चूक थोडी कमी करून ठेवायची नसते, ती दुरुस्त करायची असते. हे एकदा लक्षात आलं की कुणी कुठला उपाय का सांगितला ते आपोआप उलगडत जातं. पुढे मुख्यतः रागाचंच उदाहरण घेतो, कारण त्याच्यावर सर्वांनी नेमकं लिहिलं आहे.

वादाची सुरुवात सॉक्रेटिसपासून होते. प्लेटोच्या 'प्रोटॅगोरस' या संवादाच्या शेवटच्या भागात सॉक्रेटिस लोकांचं एक नेहमीचं म्हणणं तपासायला घेतो: माणसाला चांगलं काय ते कळतं, पण रागाच्या, सुखाच्या किंवा भीतीच्या भरात तो तसं वागत नाही. आपण म्हणतो ना, कळतं पण वळत नाही, तेच. सॉक्रेटिसला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान, तसं समोरचं सुख मोठं आणि उद्याचं दुःख लहान दिसतं. मोजमापाची कला अंगी असती तर ही भूल पडली नसती. म्हणजे वळत नसेल तर नीट कळलेलंच नाही, आणि सद्गुण हे एक प्रकारचं ज्ञान आहे. हा युक्तिवाद तिथे सुख म्हणजेच चांगलं या गृहीतकावर उभा आहे, आणि ते गृहीतक सॉक्रेटिसचं स्वतःचं होतं की समोरच्यांसाठी धरलेलं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण निष्कर्ष त्याचाच आहे. इ.स.पू. ३९९ मध्ये त्याला विष देण्यात आलं. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत प्लेटोने हा निष्कर्ष मोडला, ॲरिस्टॉटलने अर्धा वाचवला आणि स्टोइकांनी तो पुन्हा पूर्ण ताकदीने उभा केला.

प्लेटोने तो कसा मोडला हे 'रिपब्लिक'च्या चौथ्या पुस्तकात आहे आणि ते सावकाश वाचायला हवं, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. पहिली पायरी एक तत्त्व आहे: एकच गोष्ट, एकाच अंगाने, एकाच गोष्टीच्या संदर्भात, एकाच वेळी परस्परविरुद्ध गोष्टी करू शकत नाही. माणूस जागेवर उभा राहून हात हलवत असेल तर 'तो स्थिरही आहे आणि हलतोही आहे' असं म्हणायचं नाही. त्याचा एक भाग स्थिर आहे आणि दुसरा हलतो आहे. दुसरी पायरी तहान. तहान म्हणजे फक्त पेयाची ओढ. थंड पेयाची नाही, चांगल्या पेयाची तर नाहीच. हा बारकावा प्लेटो मुद्दाम घालतो. तहानेच्या पोटातच 'चांगलं ते हवं' हा हिशेब असता तर सॉक्रेटिसचंच खरं ठरलं असतं. तिसरी पायरी: माणूस तहानलेला असतो आणि तरी कधीकधी पीत नाही. ओढणारं एक आणि अडवणारं दुसरं. म्हणून आत्म्यात किमान दोन भाग: विचार करणारा आणि वासनेचा.

मग तिसरा भाग कशाला? इथे लिऑन्शियसची गोष्ट येते. हा अग्लायॉनचा मुलगा पिरेयस बंदराकडून अथेन्सला चालला होता. उत्तरेच्या तटाबाहेर, जल्लादाजवळ प्रेतं पडलेली त्याला दिसली. पाहावंसं वाटलं आणि त्याच वेळी शिसारीही आली. थोडा वेळ तो झगडला, चेहरा झाकून घेतला. शेवटी हरला, प्रेतांकडे धावला, डोळे फाडून उभा राहिला आणि आपल्याच डोळ्यांना म्हणाला, घ्या, मेल्यांनो, हे सुंदर दृश्य पोटभर पाहून घ्या. इथला राग स्वतःच्याच वासनेवर आहे. म्हणजे राग हा वासनेचा प्रकार नाही. तो विवेकही नाही, कारण लहान मुलांना विवेक येण्याआधी राग येतो, आणि 'ओडिसी'च्या विसाव्या सर्गात ओडिसियस छाती बडवून आपल्याच हृदयाला गप्प करतो: सोस, याहून वाईट तू सोसलेलं आहेस. तिथे दासींचा निर्लज्जपणा पाहून त्याला तत्काळ मारामारी करायची असते आणि विवेक थांबवतो. हा तिसरा भाग म्हणजे थुमॉस: मान, तडफ, चीड, लाज यांचं ठिकाण.

'प्लेटोने बुद्धी आणि भावना असे दोन पक्ष केले' असं जे सर्रास लिहिलं जातं ते चुकीचं आहे. त्याच्या मांडणीत विचार करणाऱ्या भागालाही स्वतःची ओढ आहे, सत्याची. आणि थुमॉस, म्हणजे आपण ज्याला ठळकपणे भावना म्हणू तो भाग, चांगलं वळण लागलं असेल तर विवेकाच्या बाजूने लढतो. त्यामुळे प्लेटोकडे राग मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. राग गेला तर वासनेशी लढताना विवेकाच्या हाताशी कोणी उरणारच नाही.

सद्गुणही याच रचनेवर बसवलेले आहेत. शहाणपण हा राज्य करणाऱ्या भागाचा गुण. शौर्य थुमॉसचा: कशाला भ्यायचं आणि कशाला नाही याबद्दल विवेकाने जे सांगितलं ते सुखात आणि दुःखात न सोडता धरून ठेवणं. संयम मात्र फक्त वासनेच्या भागाचा गुण नाही. कोणी राज्य करायचं याबद्दल तिन्ही भागांचं एकमत म्हणजे संयम. न्याय म्हणजे प्रत्येकाने आपापलं काम करणं. संयमाला 'वासनेच्या भागाचा सद्गुण' म्हणून तक्ता भरणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात; तो तक्ता मूळ मजकुराशी जुळत नाही. प्रशिक्षण कसलं, तर संगीत-काव्य आणि व्यायाम यांचं मिश्रण, तेही लहानपणापासून. नुसता व्यायाम झाला तर थुमॉस राकट होतो, नुसतं संगीत झालं तर तो वितळून मऊ पडतो.

'फीड्रस'मधल्या रथाबद्दल मराठी वाचकाने सावध राहावं. कठोपनिषदातला रथ आपल्या डोक्यात आधीपासून असतो: आत्मा रथी, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. प्लेटोच्या रथात बसलेला वेगळा रथी नाहीच. सारथी आणि दोन्ही घोडे मिळूनच आत्मा. पांढरा घोडा मानी आहे, शब्दाने वळतो. काळा आडदांड आहे, त्याला चाबूक लागतो. पण दोघंही आत्म्याचे आहेत, इंद्रियांचे नाहीत. उपनिषदात घोडे आवरले की आत्मा वेगळा उरतो. प्लेटोच्या या चित्रात घोडे सोडून दिले तर रथ जागचा हलणार नाही.

ॲरिस्टॉटलकडे (इ.स.पू. ३८४–३२२) आलं की आत्मा हा शब्दच निराळं काम करतो. त्याच्यासाठी आत्मा म्हणजे सजीव शरीराचं सजीवपण. वनस्पतींनाही आत्मा आहे: पोषण, वाढ, पुनरुत्पत्ती. डोळा हा प्राणी असता तर पाहणं हा त्याचा आत्मा झाला असता, हे त्याचं उदाहरण. त्यामुळे राग ही फक्त आत्म्यात घडणारी गोष्ट नाही. एकजण म्हणेल राग म्हणजे दुखावल्याची परतफेड करण्याची इच्छा, दुसरा म्हणेल हृदयाभोवतीचं रक्त उसळणं. ॲरिस्टॉटलच्या मते दोन्ही सांगितल्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही. आत्म्याचे भाग खरोखर वेगळे आहेत की वर्तुळाच्या कडेला बाहेरून फुगीर आणि आतून खोलगट म्हणावं तसे फक्त सांगण्यापुरते वेगळे, या प्रश्नात तो 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये शिरतच नाही. नीतीच्या कामापुरतं त्याला एवढं पुरतं: आत्म्यात एक भाग असा आहे जो स्वतः विचार करत नाही, पण बापाचं ऐकावं तसं विवेकाचं ऐकू शकतो. सद्गुण घडतो तो या ऐकणाऱ्या भागात.

या ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण छोटं आहे, पण पाठ करण्यासारखं. आत्म्यात तीन प्रकारच्या गोष्टी आहेत: विकार, ते होण्याची क्षमता, आणि त्यांच्याबाबतीत आपण चांगले किंवा वाईट वागतो ती मुरलेली वृत्ती. राग आला म्हणून कुणाची स्तुती किंवा निंदा होत नाही. कसा आला यावरून होते. राग येऊ शकतो यासाठीही होत नाही, ती निसर्गाची देणगी. म्हणून सद्गुण ही वृत्ती आहे. मग ही वृत्ती कसली? विकार आणि कृती यांत मध्य गाठणारी.

आणि हा 'मध्य' म्हणजे मवाळपणा नव्हे. ॲरिस्टॉटल इथे आहाराचं उदाहरण देतो. दहा मिना अन्न जास्त आणि दोन मिना कमी असेल, तर अंकगणिताने मध्य सहा. (एक मिना म्हणजे सुमारे ४३० ग्रॅम.) पण प्रशिक्षक सर्वांना सहा देणार नाही. मिलो या मल्लाला ते कमी पडतील, नव्या पोराला जास्त होतील. रागाचंही तसंच. ज्या प्रसंगी, ज्या माणसावर, ज्या कारणासाठी, जितका वेळ, ज्या रीतीने रागवायला हवं तसं रागावणं हा मध्य. कधीकधी तो चांगलाच कडक असतो. रागवायला हवं तिथे जो रागवत नाही, स्वतःचा आणि आपल्या माणसांचा अपमान गिळतो, त्याला ॲरिस्टॉटल गुलामी वृत्तीचा म्हणतो. दुसऱ्या टोकाचे प्रकार तो वेगळे काढतो. काही लोक पटकन भडकतात पण पटकन निवळतात, आणि ही त्यांची सर्वांत चांगली बाजू. काही आतल्या आत धुमसणारे: बोलून दाखवत नाहीत म्हणून कोणी समजूत घालत नाही, आणि आतला राग पचायला फार वेळ लागतो. असे लोक स्वतःला आणि अगदी जवळच्यांनाच सर्वांत जड जातात. एक अपवादही नोंदवा: मत्सर, निर्लज्जपणा, दुसऱ्याचं वाईट झाल्याचा आनंद यांना मध्यच नाही. योग्य माणसाचा योग्य वेळी केलेला मत्सर असं काही असत नाही.

रागाची सर्वांत उपयोगी चिरफाड मात्र नीतिग्रंथात नाही, वक्तृत्वावरच्या 'र्‍हेटॉरिक'च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. राग म्हणजे उघड दिसणाऱ्या अवहेलनेबद्दल उघड दिसेल असा सूड घेण्याची वेदनायुक्त इच्छा, जेव्हा ती अवहेलना आपली किंवा आपल्या माणसाची असते आणि ती करण्याचा समोरच्याला हक्क नसतो. अवहेलना तीन प्रकारची: तुच्छ लेखणं, स्वतःला काही मिळणार नसताना दुसऱ्याच्या आड येणं, आणि निव्वळ मजेखातर अपमान करणं. वक्त्याने प्रत्येक विकारात तीन गोष्टी पाहायच्या: माणूस कुठल्या अवस्थेत रागावतो, कुणावर, आणि कशावरून. यातली एक जरी निखळली तरी राग उभा राहत नाही. म्हणून राग शमवायचा तर नेमका कुठला घटक खोटा आहे तो शोधायचा. त्याने मुद्दाम केलेलं नाही. तो चूक कबूल करतो आहे. तो तुम्हाला घाबरतो, म्हणजे तुच्छ लेखत नाही. बराच काळ गेला आहे. भांडण मिटवणाऱ्या कुणीही ही प्रकरणं वाचावीत.

वृत्ती घडते कशी? कृती करून. बांधून गवंडी होतो, वाजवून वादक होतो. यावर लगेच आक्षेप येतो: न्यायाने वागायला आधी न्यायी नको का? उत्तर तीन अटींमध्ये आहे. कृती जाणून केलेली असावी, तिच्यासाठीच निवडून केलेली असावी, आणि पक्क्या, न ढळणाऱ्या वृत्तीतून आलेली असावी. सुरुवातीला बाहेरून सारखीच दिसणारी कृती या तीन अटींशिवाय होते. सरावाने अटी भरत जातात. इथे दोन व्यावहारिक सूचना आहेत. एक, स्वतः कुठे झुकतो ते ओळखून उलट्या टोकाकडे जास्त ओढायचं, वाकडं लाकूड सरळ करताना करतात तसं. दोन, प्रगती मोजायची ती सोबतच्या सुखदुःखावरून. सुखापासून दूर राहून ज्याला बरं वाटतं तो संयमी. दूर राहतो पण कुढतो तो अजून तिथे पोचलेला नाही. या कसोटीवर चार पायऱ्या पडतात: सद्गुणी, ज्याची ओढ आणि विवेक एकाच दिशेला; निग्रही, ज्याची ओढ उलटी आहे पण तो जिंकतो; कळतं पण वळत नाही असा, जो हरतो; आणि दुर्गुणी, ज्याला चुकीचंच बरोबर वाटतं. मराठीत आपण निग्रहाला फार वरचं स्थान देतो. ॲरिस्टॉटलच्या यादीत तो दुसरा आहे.

न वळण्याबद्दल तो सॉक्रेटिसला अर्धं पटवून घेतो. विकाराच्या भरात माणसाकडे ज्ञान असतं, पण दारू प्यालेला माणूस एम्पेडोक्लीज या कवी-तत्त्वज्ञाच्या ओळी म्हणतो तसं असतं: तोंडात शब्द, आत काही नाही. रागाच्या बाबतीत तो थोडा सौम्य आहे. घाईचा नोकर पूर्ण हुकूम ऐकण्याआधीच धावत सुटतो, कुत्रा दारावरची थाप ऐकून ओळखीचा की परका हे पाहण्याआधी भुंकतो. राग तसा विवेकाचं अर्धंच ऐकतो. वासना काहीच ऐकत नाही. म्हणून रागात तोल जाणं वासनेत तोल जाण्याइतकं लाजिरवाणं नाही.

आता स्टोइक. पंथाचा संस्थापक झेनो याने इ.स.पू. ३००च्या सुमारास अथेन्सच्या चित्रांच्या ओसरीत शिकवायला सुरुवात केली. मांडणी पक्की केली ती पंथाचा तिसरा प्रमुख क्रायसिपस याने. त्यांच्या मते आत्मा हा उष्ण श्वासासारखा पदार्थ आहे आणि त्याचे आठ भाग आहेत: पाच इंद्रियं, वाणी, प्रजनन आणि या सर्वांना चालवणारं केंद्र. भाग आठ असले तरी प्लेटोच्या अर्थाने भांडणारे भाग एकही नाहीत, कारण प्रौढ माणसाचं केंद्र संपूर्णपणे विवेकाचंच आहे. ते हृदयात आहे, कारण आवाज छातीतून येतो आणि 'मी' म्हणताना आपण छातीकडे हात नेतो. इ.स.च्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतू बांधून दाखवल्या: प्राणी धडपडतो, पण आवाज बंद. म्हणजे वाणीवरचा हुकूम मेंदूतून येतो. जागेच्या बाबतीत स्टोइक हरले. त्याने एकसंध केंद्राचा सिद्धांत मात्र आपोआप पडत नाही. तो मेंदूतही बसवता येतो.

या केंद्रात घटना कशी घडते ते क्रमाने असं. काहीतरी भासतं. त्या भासाला मन होकार देतं किंवा देत नाही. होकार दिला की आवेग निर्माण होतो. विकार म्हणजे चुकीच्या भासाला दिलेल्या होकारातून आलेला, हाताबाहेर गेलेला आवेग. चालणारा माणूस हवा तिथे थांबतो, धावणारा थांबायचं ठरवूनही पुढे जातो, हे क्रायसिपसचं उदाहरण. मूळ विकार चारच: समोर असलेल्या गोष्टीला चांगलं मानलं की हर्ष, वाईट मानलं की दुःख, पुढे येणारीला चांगलं मानलं की हाव, वाईट मानलं की भीती. राग हावेखाली येतो, कारण तो 'त्याला शिक्षा व्हावी' ही पुढची इच्छा आहे.

गीतेतल्या 'कामात्क्रोधोऽभिजायते'शी हे जुळतं हे खरं, आणि षड्रिपूंची सवय असलेल्या वाचकाला स्टोइक लगेच आपले वाटतात. पण गीतेच्या त्या साखळीत बुद्धिनाश शेवटाकडे येतो. स्टोइकांकडे बुद्धीची चूक पहिल्याच कडीत झालेली असते, आणि क्रोध हा तिचाच दुसरा पैलू आहे.

प्रत्येक विकारात खरं तर दोन निर्णय असतात. दुःखात: काहीतरी वाईट माझ्यासमोर आहे, आणि त्यावर खचणं उचित आहे. रागात: माझी हानी झाली, आणि बदला घेणं उचित आहे. उपचार दोन ठिकाणी करता येतो. क्रायसिपसच्या आधीचा प्रमुख क्लीन्थीस पहिल्यावर हल्ला करतो: जे घडलं ते मुळात वाईटच नाही, कारण दुर्गुणाखेरीज वाईट काही नाही. क्रायसिपस दुसऱ्यावर: ते वाईट आहे की नाही हा वाद आत्ता बाजूला ठेवा, पण कोसळणं हे तुमचं कर्तव्य आहे का? रोमन लेखक सिसेरो क्रायसिपसचा मार्ग सत्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम, पण ऐन शोकात लागू करायला अवघड मानतो. क्लीन्थीसचा मार्गही तिथे सोपा नाही. शोकात असलेल्या माणसाला 'तुझं काही गेलंच नाही' हे पटणार नाही. क्लीन्थीसच्या मार्गाची आणखी एक अडचण सिसेरोने सांगितली आहे. सॉक्रेटिसने अल्किबायडीज या अथेन्सच्या तरुणाला पटवलं की तुझ्यात काही चांगुलपणा नाही, तेव्हा तो रडला. त्याच्यासमोरचं वाईट स्टोइकांच्या हिशेबानेही खरंखुरं वाईट होतं. तिथे क्लीन्थीस काय सांगणार?

निर्विकार म्हणजे दगड, हा गैरसमज रोमन स्टोइक सेनेकाच्या काळातही होता. स्टोइक ज्ञानी माणसाला तीन चांगल्या भावना देतात: हर्षाच्या जागी आनंद, हावेच्या जागी सदिच्छा, भीतीच्या जागी सावधपणा. दुःखाच्या जागी काही नाही, कारण ज्ञान्यासमोर खरं वाईट असूच शकत नाही. शिवाय पहिला धक्का कुणालाच चुकत नाही. थंड पाणी उडालं की अंग शहारतं, वाईट बातमीने केस उभे राहतात, वादळात जहाज डगमगलं की ज्ञानीही पांढरा पडतो. हे विकार नव्हेत. सेनेका रागाच्या तीन हालचाली सांगतो: पहिली अनैच्छिक, दुसरी 'मला दुखावलं, तेव्हा बदला उचित' असा होकार, तिसरी बेफाम, उचित असो वा नसो, बदला हवाच. उपाय दुसऱ्या हालचालीवर करायचा, आणि त्यासाठी त्याचं सर्वांत मोठं औषध एकच, विलंब. पहिलीवर केलेले कष्ट वाया जातात, तिसरीवर उशीर झालेला असतो. 'राग ताब्यात असेल तर लढाईत कामाचा' या ॲरिस्टॉटलच्या पक्षावर त्याचं उत्तर असं: विवेकाचं ऐकून थांबणारा तो राग नव्हे, आणि न थांबणारा कामाचा नव्हे.

नंतरचा स्टोइक एपिक्टेटस सवयीचा हिशेब ठेवायला सांगतो. आधी रोज रागवायचो, मग दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीस दिवस कोरडे गेले तर देवाला नैवेद्य दाखव. कारण प्रत्येक रागावण्यात त्या प्रसंगाखेरीज आणखी एक नुकसान असतं, पुढच्या रागाची वाट रुंद होते. ही ओळ ॲरिस्टॉटलनेही मान्य केली असती.

एकसंध मनाच्या सिद्धांताची खरी परीक्षा नवऱ्याने सोडलेल्या मेडियावर झाली. इ.स.पू. ४३१ मध्ये रंगमंचावर आलेल्या युरिपिडीजच्या नाटकात ती मुलांना मारण्याआधी म्हणते: मी काय भयंकर करणार आहे ते मला कळतं, पण माझा थुमॉस माझ्या विचारांहून बलवान आहे. गॅलेनला यात दोन भागांचा पुरावा दिसतो. एपिक्टेटस म्हणतो, नाही; नवऱ्यावर सूड घेणं हे मुलं वाचवण्याहून अधिक लाभाचं आहे असं तिला वाटलं, म्हणून तिने तसं केलं. ती फसली आहे हे तिला स्पष्ट दाखवा, ती करणार नाही. मग आतली ओढाताण? स्टोइकांचं उत्तर प्लुटार्क या ग्रीक लेखकाने नोंदवलं आहे: एकच विवेक इतक्या वेगाने इकडून तिकडे वळतो की आपल्याला दोघं भांडताहेत असं वाटतं.

माझ्या मते हे उत्तर मेडियाला पुरतं, शोकाला पुरत नाही. त्यावरचा आक्षेप पोसिडोनियस या स्टोइकानेच घेतला. माणूस गेल्याचं दुःख काळाबरोबर ओसरतं, पण 'हे वाईट झालं' हा निर्णय तसाच राहतो. दुःख म्हणजे निर्णयच असेल, तर निर्णय न बदलता ते कमी कसं झालं? आणि प्राण्यांना, लहान मुलांना राग येतो तो कुठल्या विवेकातून? दुःख ओसरतं हे क्रायसिपसलाही मान्य होतं, त्याचं स्पष्टीकरण मात्र त्याला समाधानकारक देता आलं नाही. त्यामुळे मुलांचं वळण, व्यसन, जुना राग या गोष्टींसाठी ॲरिस्टॉटलचा सवयीचा मार्ग धरावा. एखाद्या प्रसंगी राग पेटतो आहे आणि काय करायचं ते ठरवायला काही क्षण आहेत, तिथे स्टोइकांइतकं नेमकं हत्यार कुणाकडे नाही. प्लेटोचा मोठा ठेवा म्हणजे स्वतःवरच्या चिडीची ओळख. बाकी दोघंही तिला त्याच्याइतकी जागा देत नाहीत.

वाचनाचा क्रम. 'रिपब्लिक'चं चौथं पुस्तक, कडेच्या पानखुणांप्रमाणे ४३४ ते ४४४. मग 'निकोमाखियन एथिक्स'चं पहिल्या पुस्तकातलं तेरावं प्रकरण, दुसरं पुस्तक सगळं, चौथ्यातलं पाचवं प्रकरण आणि सातव्याची पहिली दहा. सोबत 'र्‍हेटॉरिक' दोनमधली दुसरी आणि तिसरी प्रकरणं. स्टोइकांसाठी सेनेकाचा रागावरचा ग्रंथ, सिसेरोच्या 'टस्क्युलन' संवादांतलं तिसरं आणि चौथं पुस्तक, एपिक्टेटसच्या प्रवचनांतलं १.२८ आणि २.१८. क्रायसिपसचा एकही ग्रंथ पूर्ण उरलेला नाही. विकारांवरच्या त्याच्या ग्रंथातली बरीच वाक्यं गॅलेनमुळे वाचली, पण गॅलेन प्लेटोच्या बाजूचा आहे आणि विरोधकाला खोडून काढण्यासाठीच त्याची वाक्यं देतो. ती वाचताना क्रायसिपसचे शब्द कुठे संपतात आणि गॅलेनचा शेरा कुठे सुरू होतो, याची पेन्सिलने खूण करत जा. पहिल्या वाचनात फक्त क्रायसिपसचे शब्द सलग वाचा आणि गॅलेनचे शेरे दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.